राग्ना ट्वेटची धाव

आमच्या गावात माझ्या सासूला ओळखत नाही असं कुणी नव्हतं, आणि तिला त्याचा फार त्रास व्हायचा. वाण्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, दाताच्या डॉक्टरकडे, कुठंही नवा माणूस दिसला की कुणीतरी त्याला कोपरानं ढोसून सांगायचं, "ती बघ, ती टबामागं धावणारी!" मग तो नवा माणूस हसायचा. सांगणाराही हसायचा. सासू मान खाली घालून हातमोज्यांची बोटं नीट करत उभी राहायची.

टिल्डन फेरी हे आमचं गाव ऑरेगनमधलं. कॅलो नदीवर बंधारा, बंधाऱ्याला लागून लाकूड कापायची गिरणी, आणि गिरणीच्या जिवावर जगणारी, नॉर्वेहून आलेल्या लोकांची घरं. १९२४ सालच्या उन्हाळ्यात सिनेमावाले आले आणि त्यांनी इथं 'नावाड्याची सुट्टी' हा मूकपट काढला. वॉली क्रम्प नावाच्या विनोदी नटाची तेव्हा चलती होती. उंच, लुकडा, गुडघ्याला गुडघा आपटत चालणारा, आणि जग बुडालं तरी चेहऱ्यावरची सभ्यता न सोडणारा. या सिनेमात तो नावाडी आहे. काठावर एक बाई पाठमोरी बसून धुणं धुते आहे. शेजारी लाकडी टबात तिचं बाळ. टब हळूच पाण्यावर सुटतो, बाईला पत्ता नाही, आणि वॉली एकच वल्हं असलेल्या होडीतून त्याच्या मागं लागतो. एका वल्ह्यानं होडी पुढं जाते कुठली, ती जागच्या जागी गोल फिरते. प्रत्येक फेरीत बाळ समोर आलं की वॉली हॅट काढून त्याला अदबीनं अभिवादन करतो, हॅटमध्ये साचलेलं पाणी त्याच्याच डोक्यावर पडतं, तो हॅट परत घालतो, आणि होडी पुन्हा फिरते. बाळ आपलं निवांत दुधाची बाटली चोखतं आहे.

मग बाईच्या लक्षात येतं. ती उठते आणि धावत सुटते. चिखलात पडते, उठते, पुन्हा पडते, एक बूट तिथंच रुततो, ती तशीच धावते. इथं थिएटर डोक्यावर घेतलं जातं. शेवटी वॉली हॅटसकट पाण्यात उडी टाकतो आणि टब पकडतो.

टबातलं बाळ म्हणजे माझा नवरा सिगर्ड. धावणारी बाई म्हणजे त्याची आई, राग्ना.

बोलपट आले, वॉली क्रम्पला बाहेरचं जग विसरून गेलं, पण प्रुइटच्या थिएटरात दर जुलैमध्ये हा सिनेमा लागायचाच. चर्चमधली ऑर्गन वाजवणारी बाई पियानोवर बसायची. ज्यांनी तो आईच्या मांडीवर बसून पाहिला, ती आता आपली पोरं मांडीवर घेऊन बसायची. कुठं काय होणार हे सगळ्यांना पाठ, तरी तिसऱ्या फेरीला हात हॅटकडे गेला की खुर्च्या गदागदा हलायच्या. मी स्वतः कितीदा पाहिला ते देव जाणे. घरी भांडण करून गेले, आजारातून उठून गेले, पण त्या फेरीला हसू आलं नाही असं झालं नाही.

सासूनं मात्र तो कधीच पाहिला नव्हता. जुलैचा तो आठवडा आला की तिचं डोकं दुखायचं.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे होते. हॅल्वर ट्वेट. नदीतून येणारे ओंडके आकडीनं वळवून गिरणीच्या तोंडाशी आणायचं त्यांचं काम. जुनी माणसं सांगायची, की तरुणपणी हॅल्वरसारखा हसणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. वॉलीचा सिनेमा लागला की त्याचं हसणं बाहेर रस्त्यावर ऐकू यायचं. मी पाहिला तो गप्प माणूस. जेवताना सिगर्डनं एखादा विनोद केला तर त्यांच्या तोंडाची एक बाजू हलायची, मग ते आपल्या तळहातांकडे बघायचे आणि काटा-सुरी उचलायचे. आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत भरली होती. सासू त्यांच्या हातात कधीही काही द्यायची नाही. कॉफीचा कप त्यांच्या समोर टेबलावर ठेवायची, हात काढून घ्यायची, मग ते उचलायचे. आमची कारी जन्मली तेव्हाही तसंच. मी बाळाला सासऱ्यांकडे द्यायला गेले तर सासू मधे आली आणि म्हणाली, "ते बसू देत आधी. खुर्चीत नीट बसू देत." मला वाटलं, असेल यांच्या घराची रीत.

सासरे फुप्फुसाच्या दुखण्यानं गेले. त्यानंतर सासू आमच्याकडे राहायला आली, आणि तिची काळजीही तिच्याबरोबर आली. नदीकडची खिडकी तिच्या खोलीत कायम बंद. कारीला आंघोळ घालताना ती न्हाणीघराच्या दाराशी स्टूल टाकून बसायची आणि टबातलं पाणी पूर्ण निघून गेल्याचा आवाज आल्याशिवाय उठायची नाही. मला कधी राग यायचा. कधी तिच्याबरोबर मलाही धडधडायला लागायचं, हे जास्त वाईट.

सिनेमाला पन्नास वर्षं होणार होती त्या उन्हाळ्यात थिएटरचा मालक ड्यूई प्रुइट आमच्याकडे आला. रविवारचं जेवण चाललं होतं. प्रुइट म्हणजे मोठ्या आवाजाचा, घामाघूम होणारा, मनानं चांगला माणूस.

"ट्वेटबाई," त्यानं सासूला सांगितलं, "यंदा नुसता सिनेमा नाही. यंदा खराखुरा टब सोडायचा नदीत! तीच जागा, तसाच टब. मी वॉली होतोय, आमच्या हिनं माझी विजारसुद्धा आखूड करून ठेवलीय."

"तू वॉली?" सिगर्ड म्हणाला. "ड्यूई, होडी बुडेल रे."

"बुडू दे, लोक आणखी हसतील. खरी गंमत पुढंच आहे. टबात कोण, सांगा? कारीचं बाळ! तुझा नातू, सिगर्ड. पन्नास वर्षांनी ट्वेटांचंच पोर त्या टबात. वर्तमानपत्रवाले येतायत पोर्टलंडहून."

सिगर्डनं टेबलावर थाप मारली. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि खिळे घ्यायला आलेल्या प्रत्येकाला 'मीच तो टबातला' ही गोष्ट ऐकल्याशिवाय सुटका नसायची. "अरे वा! कारी नाही म्हणणार नाही. मी आजच फोन करतो."

"दोरी असेलच ना?" मी विचारलं.

"असणार म्हणजे काय! टबाच्या बुडाला बांधायची, पाण्याखालून. पलीकडच्या काठावर गिरणीतला एक दणकट गडी धरून उभा. तेव्हाही तसंच होतं की. हो ना, ट्वेटबाई?"

सासूनं आपली ताटली उचलली, मोरीत ठेवली, आणि जेवण अर्धं टाकून खोलीत गेली. दार लागल्याचा आवाज आला.

"लाजली," प्रुइट म्हणाला.

कारी पोर्टलंडहून फोनवर हो म्हणाली. तिला लहानपणापासून तो सिनेमा पाठ होता. आपलं बाळ, नील्स, त्या टबात बसणार याचं तिला कौतुकच वाटलं. माझं मन मात्र लागेना. सासू खाईनाशी झाली. बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्से, तिच्या हातच्या, सगळं घर त्यांवर तुटून पडायचं. त्या आठवड्यात तिनं तव्यावर टाकलेली पोळी काळी पडेपर्यंत ती नुसती बघत उभी राहिली. मी विचारलं, "आई, बरं नाही का?" तर म्हणाली, "पाणी किती आहे गं यंदा बंधाऱ्याला?" मी म्हटलं, नेहमीइतकंच. "नेहमीइतकंच म्हणजे किती?"

मग एका दुपारी ती घरात नव्हती.

मी आधी बागेत पाहिलं, मग शेजारी, मग चर्चमध्ये. धुणं धुवायच्या खोलीत गेले तर जुना लाकडी टब जागेवर नव्हता. चपला बदलायचंही भान राहिलं नाही. तशीच नदीकडे धावले. रस्त्यात कुणीतरी ओरडलं, "लोर्ना, तूही धावायची तालीम करतेस की काय?" आणि मागून हसणं ऐकू आलं.

सासू बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गुडघाभर पाण्यात उभी होती. पंच्याहत्तरीची बाई, झगा भिजून पायांना चिकटलेला. टब पाण्यावर तरंगत होता, त्यात बटाट्यांचं पोतं, आणि टबाला बांधलेल्या दोरीचं टोक तिच्या दोन्ही हातांत. टब धारेला लागला होता. ती मागं ओढत होती आणि तिचे पाय पुढं घसरत होते.

मी पाण्यात शिरले आणि तिच्या मागून दोरी धरली. दोघींनी मिळून टब काठाला आणला. तिचे तळवे लालबुंद झाले होते.

"आई, हे काय चालवलंय तुम्ही? वेड लागलंय का?"

"ओढ बघत होते." ती दगडावर बसली, धापा टाकत. "बाळाच्या वजनाला किती ओढ लागते ते बघायचं होतं. खूप लागते. एका माणसानं कमरेला बांधून घेतली पाहिजे. हातात नाही. हातात धरायची नाही, लोर्ना."

"गिरणीतला गडी आहे, आई. मागच्या वेळीही कुणीतरी होतंच ना?"

"मागच्या वेळी हॅल्वर होता."

मला हे माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. दोरी होती एवढंच लोकांना ठाऊक; ती कुणी धरली, हे सिनेमावाल्यांनी गाजावाजा न करता उरकलं होतं, म्हणजे बघणाऱ्यांची मजा जाऊ नये.

ती नदीकडे बघत बोलत राहिली.

सिनेमावाल्यांना न रडणारं बाळ हवं होतं आणि सिगर्ड तर वाऱ्यालाही हसायचा. हॅल्वर आनंदानं वेडा झाला होता: वॉली क्रम्प आपल्या पोराबरोबर काम करणार! राग्ना नको नको म्हणत होती. "मी धरतो ना दोरी," हॅल्वर म्हणाला. "माझ्या हातून आजवर ओंडका सुटला नाही, माझं पोर सुटेल?" ते ऐकून ती तयार झाली. तिला सांगितलं होतं, पाठ करून बस, धुणं धू, आम्ही हाक मारेपर्यंत वळू नकोस. ती बसली. मागून सगळे हसत होते. कॅमेऱ्याचं यंत्र फिरवणाराही हसू दाबत होता. आणि त्या सगळ्यांत वरचढ असं एक हसणं पलीकडच्या काठावरून येत होतं, ते तिला ओळखीचं होतं. तिला बरं वाटलं. मजेत आहे हा, असं वाटलं. पण ते हसणं थांबेना, आणि मग तिच्या मनात आलं, इतकं हसणारा माणूस दोरी कशी धरेल?

"मी वळले. तर हा विलोच्या झाडाखाली वाकलेला. दोन्ही हात गुडघ्यांवर. दोन्ही हात, लोर्ना! डोळ्यांतून पाणी गळतंय हसून हसून. आणि टब बंधाऱ्याकडे चाललाय."

"म्हणजे तुम्ही धावलात ते..."

"मला कुणी धाव म्हणालं नव्हतं." तिनं माझा हात घट्ट धरला. "वॉली त्याचं ते अभिवादन करत होता. त्यानं माझं तोंड पाहिलं आणि त्याच्याही तोंडाचा रंग उडाला. त्यानं उडी मारली ती सिनेमासाठी नव्हे. बंधाऱ्याच्या अगदी कडेला ओंडका अडकला होता, म्हणून टब थांबला, नाहीतर... मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक म्हणाला, बाई, काय काम केलंत! आणि पन्नास वर्षं लोक हसतायत. रोज कुणीतरी हसतं."

"आणि बाबा?"

"तो आला पोहत. ओलाचिंब. काही बोलला नाही. मीही नाही बोलले. घरी आलो, जेवलो. शेवटपर्यंत नाही बोललो त्यावर." मग जरा थांबून ती म्हणाली, "मला हसण्याची भीती वाटते गं. पाण्याची कमी, हसण्याची जास्त. माणसं हसायला लागली की त्यांच्या हातांकडे बघते मी."

मी तिला घरी आणलं, कोरडे कपडे दिले. तिनं एकच सांगितलं: "सिगर्डला नाही सांगायचं. त्याचा बाप आहे तो."

आता माझी पंचाईत झाली. त्या संध्याकाळी मी सिगर्डला म्हटलं, बाळाला टबात नको घालूया. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, आईंना भीती वाटते.

"तिला कशाची भीती वाटत नाही ते सांग! जिन्याची वाटते, कढईची वाटते. लोर्ना, पन्नास वर्षांपूर्वी हिनंच मला टबात घातलं होतं ना? आणि काय झालं? हा बघ, समोर बसलोय, शंभर किलोचा."

"तरी पण नको."

"सगळीकडे सांगून झालंय. वर्तमानपत्रवाले येतायत. काय सांगू ड्यूईला, माझी आई आणि माझी बायको दोघी मिळून घाबरल्या?"

सासू दारात उभी होती हे आम्हाला कळलं नव्हतं. "सिगर्ड," ती म्हणाली, "उद्या सिनेमा आहे ना दुपारी? मी येते. आधी मला बघू दे. मग काय ते मी ड्यूईशी बोलते."

सिगर्ड तिच्याकडे बघतच राहिला. "तू? सिनेमाला?"

"का? माझाच आहे तो."

शनिवारी दुपारी थिएटर खच्चून भरलं होतं. सासूला बघून लोक बाजूला झाले, कुणी टाळ्या वाजवल्या. ती माझ्या आणि सिगर्डच्या मधे बसली, अंगात कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. दिवे गेले आणि तिनं माझा दंड पकडला. इतका जोरात, की पुढं कित्येक दिवस तिथं निळे वळ होते.

सुरुवातीला ती पडद्याकडे बघतच नव्हती. लोकांकडे बघत होती. मग नदी दिसली. आमचीच नदी, पण तरुण, काठावर घरं नसलेली. पाठमोरी बसलेली एक सडपातळ पोरगी, जाडजूड वेणी. सासूच्या तोंडून "अगंबाई" असं निघालं, अगदी हळू. टब सुटला. तिची नखं माझ्या दंडात रुतली. पियानो टुणटुण चाललेला.

वॉलीनं पहिला हात मारला. होडी फिरली. हॅट, अभिवादन, पाणी. लोक हसले. सासू दगडासारखी. दुसरी फेरी. वॉली आता जरा ओशाळलेला, बाळाची क्षमा मागितल्यासारखा. पुन्हा पाणी. मी पडदा सोडून सासूकडेच बघत होते; हिला इथं काही झालं तर काय करू. तिसऱ्या फेरीला वॉलीनं हॅट काढायला हात वर नेला, मग त्याला आठवलं, पाणी! त्यानं हॅट तशीच डोक्यावर दाबून धरली, आणि अभिवादन तर करायलाच हवं, म्हणून दुसऱ्या हातानं वल्हं उचलून कपाळाला लावलं. वल्ह्यावरून ओघळलेलं पाणी सरळ त्याच्या बाहीत गेलं आणि विजारीतून बाहेर आलं. चेहरा मात्र तसाच, एखाद्या मेजवानीत उभा असल्यासारखा.

माझ्या शेजारून एक आवाज आला. आधी मला वाटलं ठसका लागला. मग तो पुन्हा आला. सासू हसत होती. तिनं तोंडावर हात दाबला, तरी ते बोटांमधून फुटत होतं. तिनं माझा दंड सोडला. खुर्चीत वाकून, गुडघे धरून ती हसत होती, डोळ्यांतून धारा. मी तिला पंचवीस वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं.

आणि तेव्हाच पडद्यावरची ती वेणीवाली पोरगी वळली. सासूचं हसणं तुटलं. ती ताठ झाली, आणि सगळं थिएटर गडगडत असताना तिनं तिची धाव पाहिली, चिखल, बूट, सगळं. वॉलीनं उडी टाकली, टब धरला, बाळाला वर उचललं. बाळ हसत होतं.

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर होते.

बाहेर आलो तेव्हा ऊन डोळ्यांत घुसत होतं. लोक हस्तांदोलन करायला येत होते. मी तिला बाजूला घेऊन थिएटरमागच्या बाकावर बसवलं. सिगर्ड लिंबाचं सरबत घेऊन आला.

"मग? आवडला की नाही तुझा सिनेमा?"

"माझ्याही हातून सुटली असती रे," ती म्हणाली.

"काय सुटली असती?"

मी तिच्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. पण तिनं ठरवलं होतं. "दोरी. दोरी तुझ्या बापाच्या हातात होती, सिगर्ड. त्याच्या हातून सुटली. मी धावले ती खरीच धावले."

सिगर्डच्या हातातला पेला तसाच राहिला. त्याला आधी समजलंच नाही. तिनं पुन्हा सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याच क्रमानं. इतकी वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला रंगवून गोष्ट सांगणारा माझा नवरा लहान मुलासारखा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"बाबा हसत होता?" त्यानं शेवटी विचारलं.

"पोट धरधरून."

"वॉलीला?"

"वॉलीला. आत्ता मी हसले तसाच. मला वाटायचं, बाप असून असा कसा विसरला? तो जाईपर्यंत मी त्याच्या हातात कप दिला नाही." तिनं कोटाचं वरचं बटण काढलं. "आणि आज माझ्या हातात दोरी असती, तर तिसऱ्या फेरीला माझ्याही हातून गेली असती. माझ्या समोर माझंच पोर होतं पडद्यावर, आणि मी विसरले. त्या मेल्या वॉलीनं विसरायला लावलं."

सिगर्ड तिच्याजवळ बसला. मग तो उठला आणि प्रुइटला शोधायला गेला. त्यानं त्याला काय सांगितलं मला ठाऊक नाही, परत आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते आणि तो म्हणाला, "टबात पिठाची पिशवी ठेवायची ठरलंय. टोपडं घालून." पोर्टलंडहून आलेल्या कारीला मात्र आम्ही खरं कारण सांगितलं. तिनं नील्सला छातीशी धरलं आणि त्या दिवसभर खाली ठेवलं नाही.

रविवारी सगळं गाव काठावर जमलं. प्रुइट आखूड विजारीत होडीत उभा राहिला, दोनदा पाण्यात पडला, त्यातला एकदा ठरवून. लोकांना खूप मजा आली. पलीकडं गिरणीतला गडी दोरी धरून होता. सासूनं सकाळी जाऊन ती त्याच्या कमरेला बांधायला लावली होती, गाठ स्वतः ओढून पाहिली होती. टब गेला, फिरला, परत आला. पिठाची पिशवीसुद्धा भिजली नाही.

"बघितलंत ना, ट्वेटबाई?" प्रुइट पाणी निथळत आला. "बाळ ठेवलं असतं तरी चाललं असतं!"

"चाललं असतं," सासू म्हणाली. संबंध वेळ तिनं टबाकडे एकदाही पाहिलं नव्हतं, मी पाहत होते. ती त्या गड्याकडे बघत होती. तोही हसत होता, सगळ्यांबरोबर. संध्याकाळी मी तिला वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवून भरवला.

काळजी काही गेली नाही तिची. अशा गोष्टी जात नसतात. पण ती सासऱ्यांबद्दल बोलायला लागली. आधी एखादं वाक्य, मग गोष्टी: नाचताना तो पायावर कसा पाय द्यायचा, पाद्र्यासमोर एकदा त्याला हसू कसं फुटलं. सिगर्डला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुकान बंद केल्यावर तो तिच्याजवळ येऊन बसायचा आणि म्हणायचा, "आणखी सांग." पुढच्या जुलैत ती परत सिनेमाला आली. पुन्हा माझा दंड धरला, पुन्हा हसली, पुन्हा धावेपाशी गप्प झाली. मी विचारलं, "अजून भीती वाटते?" तर म्हणाली, "वाटणारच. पण वॉली येतो गं पोहत. दरवेळी येतो."

त्याच हिवाळ्यात सिगर्ड पोहायला शिकला. नदीकाठी जन्म काढला, पण आईनं त्याला घोट्याच्या वर पाण्यात कधी जाऊ दिलं नव्हतं. शाळेच्या तलावात, चिल्ल्यापिल्ल्यांच्या वर्गात, हा एक्कावन्न वर्षांचा, टकलाला रबरी टोपी लावलेला बाप्या. पोरं खिदळायची. सासू कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन काठावरच्या बाकावर बसायची आणि शिकवणाऱ्या मास्तरावरून नजर हलवायची नाही. तो बिचारा घाबरून जायचा. एकदा सिगर्ड पाण्यात हात मारता मारता जागच्या जागी गोल फिरायला लागला, पुढं काही केल्या जाईना, आणि पोरांबरोबर मास्तरही हसायला लागला.

"ए मास्तर!" सासू बाकावरून उठून ओरडली. "हस खुशाल! पण आधी त्याला धर!"